संस्थानाचा गोलंदाज

निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या क्रिकेट संघात आमच्या परंड्याचा एकच माणूस खेळला. तो पिंजाऱ्याचा मुलगा होता, माझ्याहून थोडा लहान, आणि मी त्याचा विकेटकीपर. आज परंड्यात त्याच्याबद्दल सांगायला गेलं की लोक विचारतात, "असा कोण होता?" मी सांगू लागतो. अर्ध्यावर ते दुसरा विषय काढतात. पुढची हकिगत त्यांना ऐकायची नसते, आणि ती गाळून सांगणं मला जमत नाही.

मी तेव्हा सरकारी शाळेत नवा मास्तर होतो. शाळा उर्दूतून चालायची. घरात मराठी, वर्गात उर्दू, आणि बाजारात दोन्हींची खिचडी, अशी आम्हां सगळ्यांचीच बोली होती. क्रिकेट परंड्यात आणलं ते तहसीलदारसाहेबांनी. हैदराबाद शहरातला माणूस, उंच, सडपातळ, शेरवानीची सगळी बटणं लावून कचेरीत बसणारा. परंड्याला बदली म्हणजे त्यांना शिक्षाच वाटली असणार. त्यांनी येताना सामानात काथ्याची एक लांब चटई आणली होती. किल्ल्याच्या खंदकापलीकडच्या माळावर ती खिळे ठोकून ताणली आणि ज्याला म्हणून दोन हात, दोन पाय आहेत त्याला खेळायला बोलावलं. कारकून आले, मी आलो, दोन वकील आले. एका बागायतदाराचा थोरला मुलगा आला. तो पहिल्याच दिवशी असा खेळला की साहेबांनी त्याला सलामीला घातलं, आणि पुढं कधी तिथून हलवलं नाही.

पिंजाऱ्याचा मुलगा बोलावलेल्यांत नव्हता. साहेबांच्या गाद्या पिंजून त्या बंगल्यावर पोचवायला तो निघाला होता. माळावर आमचा खेळ बघत थांबला, आणि लांब गेलेला चेंडू त्यानं उचलून फेकला. तो थेट माझ्या हातात आला. हाताला झिणझिण्या आल्या. साहेबांनी गादी तिथंच मातीत ठेवायला लावली.

"मियाँ, फिर से फेंको," ते म्हणाले.

त्यानं पुन्हा फेकला. दिवसभर खांद्यावर कापूस पिंजायची पिंजण आणि हातात तिच्या तारेवर मारायची लाकडी मोगरी, त्यामुळं त्याचे खांदे आणि मनगटं बघण्यासारखी होती. धावत येऊन हात न वाकवता चेंडू टाकायला साहेबांनी त्याला शिकवलं. पावसाळा सरून थंडी पडली तोवर तो असा तयार झाला की आमच्यातला कुणी त्याच्यासमोर धड उभा राहू शकत नव्हता. बागायतदाराचा मुलगा तेवढा राहायचा. दोघांचं मोठं जमलं. एकानं टाकायचा, दुसऱ्यानं मारायचा, आणि संध्याकाळी चटई गुंडाळली तरी यांचं आपलं चालूच, कुठला चेंडू कुठं पडला आणि कुणाचं काय चुकलं. ईदेला बागायतदाराचा मुलगा आणि मी त्याच्या घरी शीरखुर्मा प्यायला जायचो. दुकान पुढं, घर मागं. मधल्या दारातून जाताना कापसाची धूळ नाकात जायची आणि बागायतदाराचा मुलगा शिंकत शिंकत आत शिरायचा. चाचा, म्हणजे त्याचे वडील, हसायचे. "शेठ आले का, शिंकेवरून कळलं," असं म्हणायचे.

साहेब खेळानंतर आम्हांला चटईवर बसवून संस्थानाच्या संघाच्या गोष्टी सांगत. काही वर्षांपूर्वी या संघानं सगळ्या हिंदुस्थानातल्या संघांना मागं टाकून चषक आणला होता. शेवटच्या सामन्यात सगळे बाद होत आले, एकच विकेट हातात उरली, आणि त्या शेवटच्या जोडीनं सामना ओढून नेला. साहेबांनी तो डोळ्यांनी पाहिला होता की ऐकला होता, कोण जाणे. पण सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. नवाब आणि जहागीरदार खेळाडूंना पदरी ठेवत. नोकरी नावाला, काम खेळण्याचं. पिंजाऱ्याचा मुलगा हे गुडघ्यांना मिठी मारून ऐकायचा. एकदा त्यानं मला वाटेत विचारलं, "मास्तर, खेळायचा पगार? खरं असंल का हे?"

खरं होतं. साहेबांनी त्याला हैदराबादला नेलं आणि तिथल्या जाणत्या खेळाडूंसमोर उभं केलं. त्यांनी त्याला ठेवून घेतला. एका नवाबाच्या पदरी तो नोकरीला लागला आणि दुसऱ्या हंगामात संस्थानाच्या संघात आला. ही बातमी घेऊन साहेब स्वतः पिंजाऱ्याच्या दुकानात गेले. तहसीलदार आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा बघून चाचा घाबरले. त्यांना वाटलं, काही गुन्हा झाला.

मी त्याला संघातून खेळताना एकदाच बघितलं. कुर्डुवाडीपर्यंत मोटारीनं, सरहद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर ट्रंका उघडून दाखवायच्या, मग रेल्वेनं सोलापूर, वाडी करत सिकंदराबाद. मैदानाच्या कडेला तंबू होते, गालिचे होते, चहाच्या किटल्या घेऊन फिरणारे नोकर होते. मी एका झाडाखाली शेंगदाणे खात उभा होतो. समोर ब्रिटिश मुलखातला मोठा संघ, नावाजलेले फलंदाज. आमचा माणूस पांढऱ्या कपड्यांत आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. त्यानं धाव सुरू केली आणि मग ओळखलं. दुपारपर्यंत त्यानं चार जणांना परत पाठवलं होतं. माझ्या शेजारचा एक दाढीवाला म्हातारा म्हणाला, "कहाँ का लडका है ये?" मी म्हणालो, "परंडा." त्याला ते नाव ठाऊक नव्हतं. मला तेव्हा जो आनंद झाला तो आज आठवला की बरं वाटत नाही.

सामन्यानंतर संघाचं एक छायाचित्र काढलं गेलं. मधोमध खुर्च्यांवर नवाबसाहेब आणि त्यांचे दोन पाहुणे, बाजूला खेळाडू, मागच्या ओळीत आमचा माणूस. त्याची एक प्रत त्यानं वडिलांना आणून दिली. चाचांनी ती काचेत बसवून दुकानात, येणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी टांगली. गिऱ्हाईक आलं की पिंजण थांबायची. "ह्यो बघा आमचा पोरगा. निजामाच्या टीमात हाय." रजई भरून न्यायला आलेल्या बायकासुद्धा पदर सावरून त्या काचेत डोकवायच्या.

मग देश स्वतंत्र झाला आणि आम्ही झालो नाही. त्या वर्षाचं काय सांगावं. सरहद्दीपलीकडं बार्शीत तिरंगा आणि अलीकडं आम्ही. गावोगाव रझाकार फिरू लागले. खेड्यांतून लोक पळू लागले, गाड्यांवर भांडी, वर म्हातारी माणसं. तहसीलदारसाहेबांची बदली झाली. जाताना ते चटई नेऊ शकले नाहीत. ती कचेरीच्या कोठीत पडली. माळावरचा खेळ आपोआप बंद झाला. कुणी बंद करा म्हटलं नाही, पण एकेक जण यायचा थांबला. मीही घरच्यांना बार्शीला पोचवलं, आणि शाळा ओस पडल्यावर मागोमाग गेलो.

बागायतदाराच्या मुलाचा एक चुलतभाऊ सरहद्दीवरच्या वस्तीत राहायचा. एका सकाळी रझाकारांनी ती वस्ती पेटवली. चुलतभाऊ विहिरीजवळ मेलेला सापडला. बागायतदाराचा मुलगा मला बार्शीत भेटला तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "मास्तर, तुमचा तो दोस्त तिकडं नवाबाच्या पंगतीत बसून बिर्याणी खात असंल."

"त्याचा ह्यात काय संबंध?" मी विचारलं.

"निजामाचा माणूस हाये तो," त्यानं उत्तर दिलं आणि निघून गेला.

पिंजाऱ्याचा मुलगा तेव्हा हैदराबादेतच होता. वाटा बंद होत्या. त्यालाही घरची खबर नव्हती.

सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आम्ही बार्शीत साखर वाटली. मीही खाल्ली. त्यानंतरच्या दिवसांत आमच्या भागात जे झालं ते मी बघितलेलं नाही. परत आलो तेव्हा होऊन गेलं होतं. रझाकार तर आधीच पळाले होते. सूड घ्यायला निघालेल्यांच्या हाती सापडले ते घरात बसलेले लोक. पिंजाऱ्याच्या दुकानाचं दार मोडून पडलं होतं. आत कापूस भिजून काळा पडला होता.

अम्मा, म्हणजे त्याची आई, एका मराठा शेतकऱ्याच्या गोठ्यात लपून वाचली होती. त्या शेतकऱ्यानं तिला कडब्यामागं ठेवलं आणि दारात स्वतः बसून राहिला. मी भेटायला गेलो तेव्हा ती गोठ्यातच होती. तिनं मला ओळखलं. मग हळूहळू, कुणी दुसऱ्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं. जमाव गल्लीत आला तेव्हा ती मधल्या दाराआड होती. कुठलं घर ते त्यांना माहीत नव्हतं, बरेच जण बाहेरगावचे होते. बागायतदाराचा मुलगा त्यांच्यात होता.

"त्यानं हात न्हाय उगारला," अम्मा म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पर घर त्यानं दावलं. 'ह्योच निजामाच्या माणसाचा बाप' म्हनला. त्यांनी भिंतीवरची काच फोडली, अन् फोटू ह्यांच्यापुढं धरून विचारलं, ह्यात तुझा पोरगा कोन? ह्यांनी बोट लावून दावलं बी. ह्यांना वाटलं, खेळनारा हाय म्हनून सोडतील."

चाचांना दुकानासमोरच मारलं.

त्यांचा मुलगा परंड्याला पोचला तेव्हा थंडी सुरू झाली होती. वाटेत कुठं कुठं अडकला, कुणी लपवला, कुणी लुटला. मोटारअड्ड्यावर मीच त्याला गाठलं, कारण हे कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगून झालं तेव्हा तो अड्ड्यावरच्या दगडावर बसला होता. त्यानं विचारलं, "फोटू दावला?"

"हो."

"म्याच आणून दिला होता त्यो," तो म्हणाला. एवढंच.

त्यानं दाराला फळ्या मारल्या, आईला घरी आणलं. भिजलेला कापूस बाहेर काढून जाळला. पिंजण तुटलेली होती, ती सुताराकडून दुरुस्त करून घेतली. काही दिवसांनी दुकानातून पुन्हा तिचा आवाज येऊ लागला. गिऱ्हाईक मात्र फारसं फिरकत नसे.

नव्या राज्याकडून एक तरुण अधिकारी परंड्याला आले होते. माणूस सरळ होता. त्यांना वाटायचं, गावानं पुन्हा एकत्र यावं. कोठीत पडलेली चटई त्यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी सामना ठरवला, गावातल्या सगळ्यांचा मिळून. संस्थानाच्या संघातला गोलंदाज गावात आहे हे कळल्यावर ते स्वतः दुकानात गेले. तो नाही म्हणाला. ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही समजावा." मी काही त्याला समजावलं नाही. समजावलं ते अम्मानं. "जा," ती म्हणाली. "घरात बसून बसून तुझा बी जीव जाईल."

तो आला. पांढरे कपडे नव्हतेच. पायजमा आणि सदरा होता. गावातली बरीच माणसं माळावर जमली होती. मी नेहमीप्रमाणं स्टंपांच्या मागं उभा राहिलो. समोरच्या बाजूकडून सलामीला कोण येणार याचा विचार कुणी केला होता की नाही, मला माहीत नाही. अधिकाऱ्यांना तर काहीच ठाऊक नव्हतं. बागायतदाराचा मुलगा बॅट घेऊन आला.

त्यानं चटईवर खूण केली, मान वर केली आणि दोघांची नजर भेटली. खेळ सुरू झाला. पहिला चेंडू एवढा बाहेरून गेला की मला आडवं पडून अडवावा लागला. दुसराही तसाच. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "निजाम गेला अन् नेम बी गेला!" मी पळत त्याच्याकडं गेलो.

"बरं नाही का वाटत? सोडतोस का?"

"मास्तर," तो म्हणाला, "नीट टाकला तर त्याच्या डोस्क्यात बसंल. म्हनून बाहेर टाकतोय."

मी परत जागेवर येऊन उभा राहिलो. तो धावत निघाला, आणि चेंडू टाकायच्या जागी येऊन थांबला. मग चालत चटईच्या मधोमध आला.

"घर तूच दावलंस ना?" त्यानं विचारलं.

बागायतदाराच्या मुलाच्या हातातली बॅट चटईला टेकलेली होती. तो एकदम म्हणाला, "माझ्या भावाला विहिरीपाशी मारलं तवा तुमच्यातला कोन आडवा आलता?"

"माझा बाप आलता का मारायला?"

बागायतदाराचा मुलगा बॅटचं टोक चटईवर फिरवू लागला.

"सांग की. माझा बाप आलता का? त्यो कापूस पिंजत बसला होता. तुझी गादी बी त्यानंच भरली होती, लग्नातली."

बागायतदाराचा मुलगा खाली बघू लागला. मी त्याच्या मागंच होतो. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. पिंजाऱ्याच्या मुलानं चेंडू वाकून चटईवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. आणि तो गावाकडं चालू लागला. गर्दीनं त्याला वाट करून दिली. बागायतदाराचा मुलगा मात्र तिथंच उभा राहिला, बॅट धरून, समोर गोलंदाज नसताना. शेवटी अधिकाऱ्यांनी मला खुणेनं बोलावून विचारलं, काय झालं म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि सामना संपला असं जाहीर केलं.

बागायतदाराच्या मुलावर कसला खटला झाला नाही. त्यानं शेती वाढवली, पुढं गावात मान मिळवला. बाजारात समोरासमोर आला की तो मला नमस्कार करायचा, मीही करायचो. पिंजाऱ्याच्या गल्लीतून मात्र तो पुन्हा कधी गेला नाही. लांबच्या वाटेनं वळसा घालून जायचा.

पुढच्या हंगामाआधी हैदराबादेहून एक माणूस आला. संघातला जुना फलंदाज, अंगानं सुटलेला, केस पिकायला लागलेले. एवढा प्रवास करून तो फक्त त्याला न्यायला आला होता. दुकानात बसायला जागा नव्हती म्हणून आम्ही तिघं बाहेर पायरीवर बसलो. जुना खेळाडू म्हणाला की नवाबांचे दिवस संपले, पण संघ राहणार आहे. पगार रेल्वेत किंवा बँकेत लावून देऊ. तुझ्यासारखा वेगवान आमच्याकडं दुसरा नाही.

"अब टीम निज़ाम की नहीं है, बेटा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "सब की है."

"तवा बी मला सगळ्यांचीच वाटत होती," पिंजाऱ्याचा मुलगा म्हणाला. मग पाहुण्यासाठी तो आत चहा सांगायला गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. जुना खेळाडू मला म्हणाला, "त्याचा खांदा अजून चांगला असेल ना?" मी म्हणालो, "खांदा चांगला आहे." तो दुपारच्या मोटारीनं कुर्डुवाडीला परत गेला.

त्यानंतर संस्थानाचा संघ वाढला, पुढं राज्यं बदलली, त्याचंही रूप बदललं. संघाचा इतिहास सांगणाऱ्या माणसांकडं मी कधी कधी चौकशी केली. चषक जिंकल्याचं ते सांगतात, शेवटच्या जोडीचं सांगतात. परंड्याचा वेगवान गोलंदाज म्हटलं की कपाळाला आठ्या घालून आठवू लागतात. दोन-तीन हंगाम खेळलेला माणूस. आठवावा असं त्यांच्या बाजूनं काही नाही.

तो लग्न न करता आईजवळ राहिला. मी संध्याकाळी शाळा सुटल्यावर दुकानात जाऊन बसायचो. क्रिकेटबद्दल आम्ही बोलत नसू. पावसाबद्दल, कापसाच्या भावाबद्दल, शाळेतल्या पोरांबद्दल बोलायचो. पिंजण वाजत राहायची. पस्तिशीनंतर त्याला खोकला लागला. कापसाची धूळ छातीत बसते, पिंजाऱ्यांना तो खोकला असतोच. मी त्याला बार्शीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला बसला. मुख्य म्हणजे त्याला बरं व्हायचं नव्हतं, असं मला वाटतं. हे मी त्याला बोलून दाखवलं तेव्हा त्यानं ते नाकारलं नाही.

तो गेला त्या दिवशी मातीला फार माणसं नव्हती. ज्या शेतकऱ्यानं अम्माला गोठ्यात लपवलं होतं तो म्हातारा काठी टेकत आला होता. परत येऊन मी अम्माजवळ बसलो. तिला आता नीट दिसत नव्हतं. शेजारच्या बाईनं आणलेला चहा तिच्यासमोर निवत होता.

"मास्तर," तिनं विचारलं, "त्यो खरंच चांगला खेळायचा का? म्या कधी बघितलंच न्हाय. बायकांनी कुठं जायचं मैदानात."

"लई चांगला, अम्मा," मी म्हणालो.

"म्हंजी कसा?"

मला सांगता येईना. चेंडू कसा येतो, हातावर कसा आदळतो, हे न पाहिलेल्या माणसाला कसं सांगायचं. मी म्हणालो, "मी मागं उभा असायचो. त्याचा चेंडू धरला की हात रात्रभर दुखायचे."

तिनं अंदाजानं हात पुढं केला आणि माझे दोन्ही तळवे चाचपून बघितले. मग म्हणाली, "चहा घ्या, गार झाला."